मत एक, मोल वेगळे : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे गणित

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ६८ हजार मते अधिक दिली, आणि २० जानेवारी २०१७ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती ट्रम्प यांनी. मतमोजणीत गफलत झाली नव्हती. कोणी घटना गुंडाळून ठेवली नव्हती. जे घडले ते घटनेबरहुकूम घडले. साऱ्या जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या या राष्ट्रात १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच निवडणुकांत जनतेची अधिक मते एकाला आणि अध्यक्षपद दुसऱ्याला, असा प्रकार घडलेला आहे.

या विषयाकडे पाहण्याची एक रीत पुरोगामी वर्तुळात रूढ आहे. रिपब्लिकन काय आणि डेमोक्रॅट काय, दोघेही भांडवलदारांच्याच दावणीला बांधलेले. त्यांच्यापैकी कोण कोणत्या हिशेबाने निवडून आला याची उठाठेव समाजवाद्यांनी कशासाठी करावी, असे विचारले जाते. हा प्रश्न वरवर जहाल वाटतो, परंतु त्यात विचाराचा आळस आहे. मताधिकार हा श्रमिकांनी, स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी लढून मिळविलेला हक्क होय. ते मत मोजायचे कसे हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती राहतो, त्यांच्या हाती त्या हक्काची निम्मी किल्ली राहते. अमेरिकेच्या निर्वाचक मंडळाचा दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

यंत्रणा कशी चालते?

नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी अमेरिकन मतदार मत देतो. मतपत्रिकेवर नावे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची असतात. तथापि कायद्याच्या दृष्टीने मतदार निवडत असतो तो आपल्या राज्यातील निर्वाचकांचा संच. प्रत्येक राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सभासद आणि सिनेटमध्ये जितके सभासद, त्यांच्या बेरजेइतके निर्वाचक त्या राज्याला मिळतात. प्रतिनिधिगृहातील ४३५ जागा लोकसंख्येनुसार वाटलेल्या आहेत. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठे, जागा दोनच. १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला ३ निर्वाचक मिळाले. अशा रीतीने एकूण संख्या ५३८ होते आणि विजयासाठी २७० निर्वाचकांचा पाठिंबा लागतो.

निर्वाचक कसे नेमावेत हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले आहे. ४८ राज्यांत आणि राजधानीत नियम असा की, ज्या उमेदवाराला राज्यात सर्वाधिक मते, त्याच्या पदरात राज्याचे सगळे निर्वाचक. मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून) ही दोन राज्ये तेवढी याला अपवाद आहेत. डिसेंबरमध्ये निर्वाचक आपापल्या राज्यात जमून मते देतात. 'मंडळ' असे नाव असले तरी हे मंडळ एकत्र असे कधीच बसत नाही. ६ जानेवारीला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत ही मते मोजली जातात. कोणालाही २७० चा आकडा गाठता आला नाही, तर पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडण्याचे काम प्रतिनिधिगृहाकडे जाते. आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. कॅलिफोर्नियाचे ५२ प्रतिनिधी आणि वायोमिंगचा एकुलता एक प्रतिनिधी त्या क्षणी समान होतात.

या व्यवस्थेत विषमता दोन ठिकाणी शिरते. पहिली सिनेटच्या दोन जागांमधून. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७७ हजार आणि निर्वाचक ३. म्हणजे सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख आणि निर्वाचक ५४. म्हणजे ७ लाख ३२ हजार लोकांमागे एक. एकाच देशाच्या दोन नागरिकांच्या मतांच्या मोलात जवळजवळ चौपट अंतर पडते.

दुसरी विषमता याहून खोल आहे. 'जिंकेल त्याला सगळे' या नियमामुळे राज्यात हरलेल्या बाजूची मते तेथल्या तेथे शून्य होतात. कॅलिफोर्नियातील लाखो रिपब्लिकन मतदार आणि अलाबामातील लाखो डेमोक्रॅट मतदार मतदान करून घरी जातात. राष्ट्राच्या बेरजेत त्यांची नोंद उरत नाही. निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे त्यांच्या दारात कोणी येत नाही. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांचा पैसा, वेळ आणि नेते ओतले गेले ते पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा आणि नॉर्थ कॅरोलिना या सात राज्यांत. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन अमेरिकन नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव परका नाही. प्वेर्तो रिकोतील ३२ लाखांहून अधिक लोक तर अमेरिकेचे नागरिक असूनही अध्यक्षाच्या निवडणुकीत मतच देऊ शकत नाहीत, कारण ते बेट 'राज्य' नाही.

गुलामांच्या डोक्यांचा हिशेब

ही रचना मूळ घटनाकारांच्या दूरदृष्टीतून निघाली, असे शालेय पुस्तकी समर्थन नेहमी केले जाते. १७८७ च्या फिलाडेल्फिया येथील घटनापरिषदेचे वृत्तांत वेगळेच सांगतात. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी अध्यक्ष थेट जनतेने निवडावा अशी कल्पना मांडली होती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांना ती आंधळ्याकडून रंग पारखून घेण्याइतकी विपरीत वाटली. परंतु खरी अडचण सांगितली ती जेम्स मॅडिसन यांनी. थेट निवडणूक तत्त्वतः योग्य असली, तरी दक्षिणेत मताधिकार असलेल्यांची संख्या कमी आणि गुलामांची संख्या मोठी. गुलामांना मत नसल्यामुळे अशा निवडणुकीत दक्षिणेचा प्रभाव पडणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

निर्वाचक मंडळाने ही अडचण दूर केली. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब घटनेने मान्य केला होता. निर्वाचकांची संख्या त्या जागांशी जोडताच गुलामांच्या डोक्यांचे वजन अध्यक्षाच्या निवडीतही दक्षिणेच्या पारड्यात पडले. गुलामाला मत नव्हते. त्याच्या अस्तित्वाचे मत त्याचा मालक देत होता. १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांचे निर्वाचक ज्या १७९० च्या जनगणनेवरून ठरले होते, तीत दोन्हीकडील स्वतंत्र नागरिकांची संख्या जवळपास सारखी होती. तरी व्हर्जिनियाला २१ निर्वाचक मिळाले आणि पेनसिल्व्हेनियाला १५. १७८९ पासूनच्या पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपदावर व्हर्जिनियाचे गुलाममालकच होते, हा योगायोग नव्हे.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण हिशेबाचा लाभ गेला नाही, उलट वाढला. चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर कृष्णवर्णीय माणूस तीनपंचमांश न राहता पूर्ण माणूस म्हणून मोजला जाऊ लागला. मतदानकर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या बळावर दक्षिणेतील राज्यांनी त्याचे मत हिरावून घेतले; त्याच्या डोक्यामागे मिळणारे निर्वाचक मात्र पूर्ण संख्येने पदरात पाडून घेतले. मताधिकार नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधित्व घटवावे, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत होती. तिची अंमलबजावणी कधीच झाली नाही.

१८७७ चा सौदा

१८७६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना रदरफर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख मते अधिक पडली. टिल्डन यांच्या मताधिक्यात दक्षिणेतील गोऱ्यांच्या दहशतीचा वाटा होता हे विसरता येणार नाही. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना या राज्यांच्या निर्वाचकांविषयी वाद निर्माण झाला, पंधरा जणांचा आयोग नेमला गेला आणि आठ विरुद्ध सात मतांनी वादग्रस्त निर्वाचक हेज यांच्या खात्यावर जमा झाले. अंतिम आकडा होता १८५ विरुद्ध १८४. या तडजोडीची किंमत मोजली ती कृष्णवर्णीयांनी. एप्रिल १८७७ पर्यंत हेज यांनी साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना येथील सरकारांना आधार देणारे संघराज्याचे उरलेसुरले सैन्य मागे घेतले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या समाजाला त्याच्या जुन्या मालकांच्या हवाली केले.

त्याच वर्षी जुलैमध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा प्रचंड संप उसळला. तो मोडण्यासाठी याच हेज यांनी संघराज्याचे सैनिक पाठविले. कृष्णवर्णीय मतदाराच्या संरक्षणाला सैन्य नको आणि रेल्वे कंपन्यांच्या संरक्षणाला हवे, असा राज्यकारभार ज्या मोजणीतून जन्मला, तिला कोरडे अंकगणित म्हणता येणार नाही.

कोणाच्या मतांना फळ, कोणाच्या मतांना शून्य

समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी एक तुलना आहे. १९४८ च्या निवडणुकीत वंशभेदाचे समर्थक स्ट्रॉम थर्मंड यांना देशभरात सुमारे ११ लाख ६९ हजार मते मिळाली. वंशभेदाला विरोध करणारे आणि शीतयुद्धाऐवजी शांततेचा आग्रह धरणारे माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना सुमारे ११ लाख ५७ हजार मते मिळाली. दोघांचीही टक्केवारी २.४ च्या आसपास. थर्मंड यांचे निर्वाचक झाले ३९. वॉलेस यांचे शून्य. थर्मंड यांची मते दक्षिणेच्या चार राज्यांत एकवटलेली होती आणि तेथील कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले होते. वॉलेस यांची मते देशभर पसरलेली होती. एका प्रदेशावर पकड असलेल्या प्रतिगामी शक्तीला ही पद्धत बक्षीस देते. सर्व प्रदेशांतील श्रमिकांना एका विचाराने जोडू पाहणाऱ्या पक्षाला ती रिकाम्या हाताने परत पाठविते.

युजीन डेब्ज यांचा अनुभवही हाच. १९१२ मध्ये समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांना ९ लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सहा टक्के मते पडली. १९२० मध्ये, युद्धविरोधी भाषणाबद्दल अटलांटाच्या तुरुंगात शिक्षा भोगत असताना पुन्हा ९ लाखांहून अधिक मतदारांनी त्यांना कौल दिला. दोन्ही वेळा निर्वाचक एकही नाही. १९१२ साली ४२ टक्क्यांहून कमी मते घेणाऱ्या वुड्रो विल्सन यांच्या पदरात मात्र ५३१ पैकी ४३५ निर्वाचक पडले. अमेरिकेत समाजवादी पक्ष का रुजला नाही, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. त्यांपैकी एक या मोजणीत आहे. तिसऱ्या पक्षाला दिलेले मत वाया जाते हे मतदाराला चार वर्षांनी एकदा शिकविले जाते. निकाल थोडक्यात गेला की दोष त्या पक्षाच्याच माथी मारला जातो. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांनी निकाल लागला, तेव्हा हेच राल्फ नेडर यांच्या वाट्याला आले.

१९७० : हातची निसटलेली संधी

ही पद्धत बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांनी वंशभेदाच्या राजकारणावर ४६ निर्वाचक मिळविले. कोणालाच बहुमत मिळू द्यायचे नाही आणि मग नागरी हक्कांच्या बाबतीत सौदा करायचा, हा त्यांचा डाव थोडक्यात हुकला. देश हादरला. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय आणि न्यूयॉर्कचे इमॅन्युएल सेलर यांनी थेट जनमताने अध्यक्ष निवडण्याची घटनादुरुस्ती पुढे आणली. सप्टेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती ३३९ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. अध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दर्शविला.

ती बुडाली सिनेटमध्ये. सप्टेंबर १९७० मध्ये दक्षिणेतील सिनेटरांनी काही लहान राज्यांच्या सिनेटरांना हाताशी धरून भाषणे लांबवीत ठराव अडवून धरला. चर्चा थांबवून मतदान घ्यावे असा प्रस्ताव दोनदा आला. एकदा ५४ विरुद्ध ३६ आणि एकदा ५३ विरुद्ध ३४ अशी मते पडली. बहुमत दोन्ही वेळा होते. दोनतृतीयांश मते नव्हती. अडवणूक करणाऱ्यांच्या आघाडीवर मिसिसिपीचे ईस्टलंड आणि नॉर्थ कॅरोलिनाचे अर्विन यांच्याबरोबर साउथ कॅरोलिनाचे एक सिनेटर होते : तेच स्ट्रॉम थर्मंड. १९४८ मध्ये ज्या पद्धतीने त्यांना ३९ निर्वाचक दिले, तिचे ऋण त्यांनी बावीस वर्षांनी फेडले. १९७९ मध्ये बाय यांनी पुन्हा प्रयत्न केला. ५१ विरुद्ध ४८ असे बहुमत मिळूनही दुरुस्ती पडली. त्या वेळी काही कृष्णवर्णीय नेत्यांनीही तिला विरोध केला, हे नमूद केले पाहिजे. मोठ्या औद्योगिक राज्यांत आपल्या समाजाची मते निर्णायक ठरतात, ते वजन गमावू नये, असे त्यांना वाटत होते. पीडितांनाही विषम व्यवस्थेत आपापला कोपरा सांभाळावासा वाटतो, हे अशा व्यवस्थेचे सर्वांत बळकट कुंपण असते.

बचाव आणि त्याची पोकळी

संघराज्यात लहान राज्यांना संरक्षण हवे, हा या पद्धतीचा मुख्य बचाव. ते संरक्षण सिनेटमध्ये पुरेपूर, किंबहुना पुरून उरेल इतके दिलेले आहे. शिवाय प्रचारकाळात वायोमिंगला किंवा व्हर्मांटला उमेदवार फिरकत नाहीत. ते जातात पेनसिल्व्हेनियाला, जे काही लहान राज्य नव्हे. ब्राझील आणि मेक्सिको ही संघराज्येच आहेत आणि तेथे अध्यक्ष थेट जनता निवडते. अर्जेंटिनाने तर आपले निर्वाचक मंडळ १९९४ मध्ये घटनेतूनच काढून टाकले. भारतातही राष्ट्रपती निर्वाचक मंडळच निवडते. पण येथे ते पद मुख्यतः नामधारी आहे, आणि तरीही आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरविण्याची काळजी घटनाकारांनी घेतली. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ ठरले आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. राज्यातील बहुमताने अल्पमताला गिळून टाकण्याची सोय तर येथे मुळीच नाही. राज्यांचा मान आणि माणसांचे मोल यांत वैर असलेच पाहिजे, असे नाही.

'दोघेही सारखेच' म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे आहे. २०१६ चा निकाल मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया येथील एकूण सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने फिरला. त्या निकालानंतर नेमले गेलेले न्यायमूर्ती नील गॉर्सच यांच्यासह पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये जॅनस खटल्याचा निर्णय दिला. सरकारी नोकरांच्या संघटनांनी वाटाघाटी करून पगारवाढ मिळवावी, तिचा लाभ सर्वांना व्हावा, परंतु सभासद नसलेल्यांकडून त्या खर्चाचा वाटा मात्र सक्तीने घेऊ नये, असा तो निर्णय. शिक्षक, परिचारिका आणि नगरपालिकांचे कामगार यांच्या संघटनांच्या तिजोरीवरच तो घाव होता. निर्वाचकांचा हिशेब कामगारांच्या वर्गणीच्या पावतीपर्यंत असा पोचतो.

२०२० मध्ये जो बायडेन यांना ७० लाखांहून अधिक मताधिक्य मिळाले. तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन येथील मिळून सुमारे ४३ हजार मते इकडची तिकडे झाली असती, तर निर्वाचक २६९ विरुद्ध २६९ असे अडकले असते. मूठभर राज्यांत काही हजार मते फिरविली की सत्ता फिरते, हे ठाऊक असल्यामुळेच त्या वर्षी खोट्या निर्वाचकांच्या याद्या तयार झाल्या आणि ६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसच्या इमारतीवर जमाव चालून गेला. २०२४ मध्ये ट्रम्प यांना जनमतातही आघाडी मिळाली, निर्वाचकही ३१२ मिळाले, आणि हा विषय पुन्हा मागे पडला. दोन्ही हिशेब एकदा जुळले म्हणून दोषयुक्त तराजू खरा ठरत नाही.

घटनादुरुस्तीची वाट अरुंद असल्यामुळे काही राज्यांनी दुसरी वाट धरली आहे. देशभरात ज्याला सर्वाधिक मते, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे, असा आपसांतील करार २००७ मध्ये मेरीलंडने प्रथम मंजूर केला. २०२४ पर्यंत १७ राज्ये आणि राजधानी मिळून २०९ निर्वाचक या कराराखाली आले. २७० ची बेरीज झाल्यावरच तो अमलात यायचा आहे. तो न्यायालयात टिकेल की नाही हा प्रश्न वेगळा. पण रेटा लावला तर दोन शतकांची भिंतही हलते, एवढे त्याने दाखविले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला समान मोल मिळेल; सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र ते समान मोल नाकारले जाईल, असा त्याचा आशय होता. जगातील सर्वांत श्रीमंत प्रजासत्ताकाने त्या विसंगतीचा पहिला, सोपा भागसुद्धा अद्याप पूर्ण केलेला नाही. तेथे मतपेटीतही माणसांची मोले वेगवेगळी आहेत. मालकांच्या सोयीने घडविलेला हिशेब मालक गेल्यावरही आपोआप पुसला जात नाही. तो पुसण्यासाठी स्वतंत्र लढा द्यावा लागतो. मतदारसंघांच्या सीमा, जागांचे वाटप आणि मोजणीचे नियम यांना कारकुनी बाबी समजून दुर्लक्ष करणाऱ्या कोणत्याही देशातील कार्यकर्त्याने अमेरिकेच्या इतिहासातून एवढे तरी शिकावे.